व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होताना: ठाणे-नवी मुंबईतल्या पेशंटसाठी आणि घरच्यांसाठी

अ‍ॅडमिट व्हायचं असं घरात ठरतं तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच काहीतरी चालू असतं. जाणाऱ्याला वाटतं, आत कोंडून ठेवतील, दारू एकदम तुटली तर जीव जाईल, परत आल्यावर सोसायटीत तोंड कसं दाखवू. बायकोला वाटतं, हे चार दिवसांत परत येतील आणि भरलेले पैसे बुडतील. आईला वाटतं, पोरगं उपाशी राहील. मी ठाण्यात अशा कुटुंबांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते. आत नेमकं काय होतं हे कोणी नीट सांगितलेलं नसतं, म्हणून भीती वाढत जाते. ते क्रमाने सांगते.

एक गोष्ट सुरुवातीलाच. केंद्रातले पहिले आठ-दहा दिवस शरीर सावरण्यात जातात. मग भूक लागते, झोप लागते, हाताचा कंप थांबतो आणि पेशंट म्हणतो, "मी बरा झालोय, मला घेऊन चला." खरा उपचार त्या दिवसापासून सुरू होतो, आणि कितीतरी घरं नेमकी त्याच दिवशी पेशंटला घरी आणतात. या लेखातून बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या.

दारूबद्दल जास्त लिहिलं आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत तीच सर्वात जास्त आहे. ब्राउन शुगर (अशुद्ध हेरॉइन), एमडी (मेफेड्रोन) किंवा झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

आधी डॉक्टर, मग केंद्र

बहुतेक जण उलट करतात. कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या केंद्राचा नंबर पाठवतो, फोनवर फी ठरते आणि दुसऱ्या दिवशी गाडी दारात. आधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. सगळ्यांनाच दाखल व्हावं लागत नाही. बऱ्याच जणांचा उपचार ओपीडीत, घरी राहूनही होतो. पूर्वी दारू सोडताना फिट आली असेल, भ्रम झाला असेल, घरी राहून सोडण्याचे प्रयत्न फसले असतील, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील किंवा घरात लक्ष ठेवणारं कोणी नसेल, तर दाखल होण्याचा सल्ला मिळतो.

ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय आणि नेरूळचं डी. वाय. पाटील रुग्णालय आहे. मनोरुग्णालयाच्या नावानेच लोक बिचकतात, पण केसपेपर काढून डॉक्टरांशी बोलणं एवढंच तिथे करायचं असतं, कोणी लगेच आत ठेवून घेत नाही. समुपदेशनासाठी डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्थाही आहे. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर लावा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. टेली-मानसवर मराठीत बोलता येतं. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत.

डॉक्टरांना आकडा खरा सांगा. "रोज एखादी क्वार्टर" असं सांगितलं आणि प्रत्यक्षात तीन क्वार्टर जात असतील, तर औषधाचा डोस कमी ठरतो आणि दुसऱ्या दिवशी फिट येऊ शकते. झोपेच्या गोळ्या, खोकल्याची औषधं, गांजा, तंबाखू, सगळं सांगा. बायकोसमोर सांगता येत नसेल तर "मला एकट्याला बोलायचंय" म्हणा, डॉक्टरांना त्याची सवय असते. एमडी किंवा ब्राउन शुगर घेणाऱ्या मुलांना पोलिसांची धास्ती असते. उपचारासाठी आलेल्या माणसाची माहिती गुप्त ठेवणं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक केलं आहे. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून संरक्षण देणारं कलम ६४-अ आहे. ते कधी लागू होतं हे वकिलाकडून समजून घ्या, पण भीतीपोटी डॉक्टरांकडे जायचं टाळू नका.

मनाने एकदम बंद करू नका

घरचे म्हणतात, "दोन दिवस खोलीत कोंडून ठेवू, आपोआप उतरेल." असं अजिबात करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कोणी नसलेल्या माणसाशी बोलणं चालू होतं, आपण कुठे आहोत हे कळत नाही, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतते. असं काही दिसलं तर केंद्राची गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, १०८ लावायचा आणि जवळचं रुग्णालय गाठायचं. रोज झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो.

दाखल व्हायची तारीख चार दिवसांनंतरची असेल, तर मधल्या दिवसांत काय करायचं हे डॉक्टरांनाच विचारा.

लोकलच्या डब्यात चिकटवलेली "पेशंटच्या नकळत दारू सोडवा" ही जाहिरात आपण सगळ्यांनी वाचली आहे. कंटाळलेली, रडकुंडीला आलेली बाई शेवटी तो नंबर फिरवते आणि आमटीत पावडर टाकते. त्या पावडरीत काय असतं ते तिला माहीत नसतं. त्यात डायसल्फिराम असू शकतं, आणि हे औषध पोटात असताना माणूस दारू प्यायला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो, हृदयाचा त्रास असलेला माणूस दगावूही शकतो. हेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीने दिलं तर कामाचं आहे. लपवून कोणालाही देऊ नका.

केंद्र बघताना

शहरात जागा महाग, त्यामुळे बरीच निवासी केंद्रं पनवेल, कर्जत, बदलापूरच्या बाजूला आहेत. फोनवर ठरवू नका, स्वतः जाऊन या. आत फिरून पाहू देत नसतील तर तिथे माणूस ठेवू नका, कितीही मोठा बोर्ड असला तरी. स्वयंपाकघर आणि संडास बघा. खिडक्यांना जाळ्या असतील, गेटला कुलूप असेल, त्याने घाबरू नका. पण आग लागली तर लोक बाहेर कसे येणार, हे विचारा. राहणाऱ्या दोघा-तिघांशी कर्मचारी बाजूला नसताना बोला.

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवायला सांगा. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री फिट आली तर कोण बघतं, कुठल्या रुग्णालयात नेतात, हे विचारा. "आमच्याकडे औषधं देत नाही, फक्त मनोबल वाढवतो" असं ऐकलंत तर दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचा पेशंट तिथे नेऊ नका. "१०० टक्के गॅरंटी" म्हणणाऱ्यांकडेही नको. व्यसन हा पुन्हा उलटू शकणारा आजार आहे, त्याची गॅरंटी प्रामाणिक माणूस देत नाही.

मुदत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणचा कार्यक्रम ३५ दिवसांचा आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या बारा पायऱ्यांच्या पद्धतीने चालणारी काही केंद्रं ९० दिवस किंवा त्याहून जास्त सांगतात. मी घरच्यांना सांगते, दिवस किती याच्याबरोबरच ते दिवस संपल्यावर फॉलोअपला कोण आहे हे बघा. महिन्याभराचा उपचार आणि पुढचं वर्षभर काहीच नाही, ही जोडी टिकत नाही.

पैशांचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी केंद्रंही आहेत. १४४४६ वर जवळचं कुठलं ते विचारा. खासगी केंद्रात महिन्याच्या फीत औषधं, रक्ततपासण्या, रुग्णालयात न्यावं लागलं तर तो खर्च धरला आहे का, आणि पेशंट मध्येच परत आला तर किती पैसे परत, हे लेखी घ्या. मेडिक्लेमवर विसंबून राहू नका. कित्येक पॉलिसींमध्ये दारू आणि अमली पदार्थांवरचा उपचार वगळलेला असतो. पॉलिसीतली वगळलेल्या बाबींची यादी आधी वाचा.

स्त्रियांसाठीच्या जागा फार कमी आहेत. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये निशिगंध हा स्त्रियांचा वेगळा विभाग आहे. बाईला दाखल करताना वेगळा वॉर्ड, रात्रपाळीला स्त्री कर्मचारी आणि लहान मुलांच्या भेटीची सोय, या तीन गोष्टींवर तडजोड करू नका.

स्वतःहून जाणं आणि उचलून नेणं

याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे. "पिकअप" हा शब्द तुमच्या कानावर येईल. घरच्यांनी पैसे भरले की चार दणकट माणसं पहाटे गाडी घेऊन येतात, झोपलेल्या माणसाला धरतात, प्रसंगी बांधतात आणि घेऊन जातात. घरच्यांची अगतिकता मला कळते. नवरा बायकोला मारतोय, घरातली भांडी विकली गेलीत, शेजारी पोलिसांना बोलवायची धमकी देतात, अशा वेळी दुसरं काही सुचत नाही. तरीही हा मार्ग बेकायदा आहे आणि उपचाराला मारक आहे. असा नेलेला माणूस पहिला महिना बायकोला शिव्या घालण्यात आणि सुटल्यावर काय करायचं याचे बेत रचण्यात घालवतो.

कायद्यात रस्ते आहेत. व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारात धरल्या आहेत. माणूस स्वतःहून दाखल झाला, तर तो मागेल तेव्हा त्याला डिस्चार्ज द्यावा लागतो. धोका वाटला तर डॉक्टर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवू शकतात. माणूस तयार नसेल आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण झाला असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या अवस्थेत तो नसेल, तर कलम ८९ प्रमाणे त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (कायद्याप्रमाणे त्याच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाच्या) अर्जावर दाखल करता येतं. त्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. ही मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला, म्हणजे अशा प्रकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्यातल्या मंडळाला, कळवावं लागतं, आणि पेशंटला त्याविरुद्ध दाद मागता येते.

साखळीने बांधणं, टक्कल करायला लावणं, मारणं, सक्तीने काम करून घेणं याला कायद्यात जागा नाही. आपल्या वाट्याचं ताट धुणं, खोली झाडणं वेगळं. मालकाच्या बांधकामावर विटा उचलायला लावणं वेगळं. असं काही कळलं तर माणसाला तिथून आणा आणि मंडळाकडे तक्रार करा.

प्रत्यक्षात माणूस तयार कसा होतो? भांडणात नाही आणि प्यायलेला असताना तर नाहीच. सकाळी, उतरलेली असताना, पोटात दुखतंय, हात कापतोय, काल काय झालं ते अर्धवट आठवतंय, अशा वेळी एकाच माणसाने बोलायचं. शक्यतो ज्याचं तो ऐकतो असा मोठा भाऊ, मामा किंवा कामावरचा जुना साहेब. "आज डॉक्टरांना भेटून येऊ" एवढंच. "गटारी होऊ दे", "गणपती झाले की जातो", "या महिन्याचा पगार घेतो" ही उत्तरं येणारच. आषाढातून सुटलं की श्रावण, मग हंडी, मग गणपती, मग दिवाळी, मग थर्टीफर्स्ट. आधीच तारीख घेऊन ठेवली असेल तर तो हो म्हणाला त्याच दिवशी निघता येतं.

बॅग, सुट्टी, मुलं

साधे सुती कपडे सात-आठ जोड, टॉवेल, स्लिपर, चष्मा, चालू औषधं चिठ्ठीसकट, जुने रिपोर्ट, आधार कार्डाची प्रत, फोटो. आफ्टरशेव्ह, सेंट, सॅनिटायझर, माउथवॉश नको, त्यात अल्कोहोल असतं. दागिने, घड्याळ, जास्त पैसे घरी ठेवा. मोबाइल जमा करून घेतात, म्हणून हप्ते, लाइटबिल, बँकेचे ओटीपी यांची व्यवस्था आधी लावा. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहून न्या. तंबाखू आणि सिगारेटबद्दल प्रत्येक केंद्राचा नियम वेगळा असतो, आधी विचारलं तर दुसऱ्या दिवशी त्यावरून राडा होत नाही.

ऑफिसला वैद्यकीय रजेचा अर्ज द्या. आजाराचा तपशील सगळ्यांना सांगायची गरज नाही, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात "उपचार आणि विश्रांती" असं लिहून मिळतं का ते विचारा. तळोजा, तुर्भे, महापेच्या कारखान्यांत पाळीवर काम करणाऱ्यांनी सुपरवायझरला न सांगता गायब होऊ नये. गैरहजेरीवरून नोकरी गेली तर परत आल्यावर सावरणं अवघड होतं.

मुलांना "बाबा गावी गेलेत" सांगू नका. त्यांनी सगळं पाहिलेलं असतं. "बाबांना दारूचा आजार आहे, ते बरे व्हायला गेलेत, रविवारी फोन येईल" एवढं सात वर्षांच्या मुलालाही कळतं. आणि हे त्याच्यामुळे झालेलं नाही, हेही त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. मुलं मनातल्या मनात स्वतःला दोष देत असतात.

दाखल होण्याचा दिवस

सकाळी निघा. रस्त्यात "शेवटची एक" साठी गाडी थांबवायचा आग्रह होतो. यावर डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, कारण आयत्या वेळी घरचे आपापसांतच भांडतात.

पोहोचल्यावर अर्ज, सह्या, वजन, रक्तदाब, रक्त-लघवीच्या तपासण्या. यकृत, साखर, रक्तपेशी बघतात. इंजेक्शनने घेणाऱ्यांना एचआयव्ही आणि काविळीच्या बी-सी प्रकारांची तपासणी सुचवतात. एचआयव्हीसाठी तुमची संमती घ्यावी लागते. संमतीपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. वाचायला दिलं नाही तर मागा.

मग बॅग उघडतात. नवीन माणसाला हे फार लागतं, म्हणून सांगते. एक कर्मचारी प्रत्येक शर्ट झटकून बघतो, पँटच्या कमरेची शिवण बोटांनी चाचपतो, टूथपेस्टची ट्यूब दाबून बघतो, चपलेचा तळ वाकवून बघतो. बायकोने घडी घालून दिलेले कपडे टेबलावर विस्कटून पडतात आणि ती भिंतीकडे बघत उभी राहते. त्याच खोलीत झोपलेल्या चौघांना कोणाच्या बॅगेतून आलेली पुडी भोवू नये म्हणून ही झडती असते. झडती घेणारा बऱ्याचदा स्वतः कधीकाळी त्याच टेबलासमोर उभा राहिलेला असतो. त्याला नाव विचारा, पुढच्या पंधरा दिवसांत तोच सर्वात जास्त उपयोगी पडतो.

निरोप लांबवू नका. "सोडून चाललीस मला?" असं ऐकून पाय निघत नाही, तरी निघा.

पहिले दहा दिवस

डिटॉक्सच्या, म्हणजे शरीरातली नशा उतरवण्याच्या, खाटेवर पहिल्या चार-पाच दिवसांत गोळ्या, सलाइन, व्हिटॅमिन बी-१, भरपूर पाणी आणि झोप. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं सुरुवातीला जास्त आणि मग रोज कमी करत बंद करतात. "एक नशा सोडवायला दुसरी लावली" असं घरचे म्हणतात. ती औषधं मोजून, ठरावीक दिवस दिली जातात आणि फिट टाळतात. बी-१ कडे दुर्लक्ष झालं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून दारूच्या पेशंटला ते सुरुवातीलाच देतात.

ब्राउन शुगर सोडताना नाक-डोळे वाहतात, हाडं ठणकतात, जुलाब होतात, पाय स्वस्थ राहत नाहीत. भयंकर वाटतं, पण एरवी धडधाकट माणसाच्या जिवाला दारूइतका धोका नसतो. ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधाने त्रास बराच कमी होतो. काहींना ते औषध पुढे बरेच महिने चालू ठेवावं लागतं, आणि त्यात कमीपणा नाही. एमडी घेणारी मुलं पहिले दोन-तीन दिवस नुसती झोपतात आणि मग खोल निराशेत जातात. या दिवसांत आत्महत्येचे विचार येऊ शकतात. कर्मचाऱ्यांना ते लगेच सांगायचे, लपवायचे नाहीत.

साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी एक क्षण येतो. पहिल्या दिवशी चहाचा पेला अर्धाच भरून देतात, कारण कंपाने सांडतो आणि हात भाजतो. मग एका संध्याकाळी पेशंट काठोकाठ भरलेला पेला एका हाताने उचलतो, थेंब सांडत नाही, आणि आजूबाजूचे जुने पेशंट टाळ्या वाजवतात.

"मला घेऊन चला"

त्यानंतरचा पहिला फोन हा असतो. मजकूर प्रत्येक घरी जवळपास सारखाच. "इथे सगळे गर्दुल्ले आहेत, माझं तसं नव्हतं." "जेवण वाईट आहे." "मला सगळं समजलंय, आता हात लावणार नाही, आईची शपथ." "दुकान कोण बघणार?" शेवटी आवाज चढतो, "पैसे वाचवायला टाकलंत मला इथे."

तो मुद्दाम खोटं बोलत असतो असं नाही. त्याला खरोखरच बरं वाटत असतं. पण शरीराचा त्रास संपला तरी ओढ संपलेली नसते. संध्याकाळी सहा-सात वाजता जीव कासावीस होतो, रात्री पिण्याची स्वप्नं पडतात, लहानशा गोष्टीवरून डोकं फिरतं. आत्तापर्यंत त्या कासाविशीवर एकच उपाय त्याला माहीत होता. आता तो नसताना ती सहन कशी करायची, हे शिकायला तो तिथे राहतोय.

फोनवर वाद घालू नका. "तुमच्या समुपदेशकांशी बोलते, मग सांगते" एवढंच म्हणा, आणि खरंच त्याच दिवशी बोला. मारहाण, उपाशी ठेवणं, औषध न देणं अशी तक्रार असेल तर मात्र ती गंभीरपणे घ्या आणि स्वतः जाऊन बघा. बाकी सगळ्याला थांबायचं. सासू एकीकडे "आणा माझ्या लेकराला" म्हणत असेल आणि सून नको म्हणत असेल, तर ते भांडण पेशंटला कळता कामा नये. त्याला घरात एक जरी फट दिसली तरी त्याचं सगळं लक्ष तिकडेच जातं.

दिवस कसा जातो

सकाळी सहाच्या आसपास उठणं, प्रार्थना, व्यायाम, आवराआवर, नाश्ता. मग गटचर्चा, व्याख्यान, दुपारी विश्रांती, एकट्याने समुपदेशकाशी बोलणं, संध्याकाळी कॅरम-व्हॉलीबॉल, रात्री शेअरिंग (गटात आपला अनुभव सांगणं) आणि डायरी. ऐकायला शाळेसारखं आहे, पण वर्षानुवर्षं वेळेवर न जेवलेल्या माणसाला हे वेळापत्रकच औषधासारखं लागू पडतं.

शेअरिंगचं दडपण सगळ्यांना येतं. पहिल्या आठवड्यात "मी आज फक्त ऐकतो" म्हटलं तरी चालतं. तिथे रिक्षावाला, बँकेतला अधिकारी, माथाडी कामगार, इंजिनीअरिंग सोडलेला मुलगा एका सतरंजीवर बसलेले असतात. कोणीतरी सांगतो, "पोरीच्या फीचे पैसे घेऊन बारमध्ये गेलो." ऐकणाऱ्याला कळतं की हे आपलंही आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांच्या अशाच एकमेकांशी बोलण्यातून सुरू झाली. बारा पायऱ्यांमधल्या देवाच्या उल्लेखाने कोणी अडखळत असेल तर अडखळू दे. नास्तिक माणसंही त्या गटात बसून वर्षानुवर्षं सोबर राहिलेली आहेत.

घरच्यांनी या दिवसांत काय करायचं

झोपा. खरंच. कित्येक बायका दाखल करून आल्यावर पहिले चार दिवस नुसत्या झोपतात, आणि त्यांना त्याचा अपराधीपणा वाटतो. तो वाटून घेऊ नका.

मग केंद्रातल्या कुटुंबांच्या गटाला जा, एकही वार चुकवू नका. अल्-अ‍ॅनॉन हा पिणाऱ्यांच्या घरच्यांचा वेगळा गट आहे, त्याच्या सभा शोधा. उधाऱ्यांची यादी करा, पण आत्ताच सगळी फेडायला धावू नका. घरातल्या बाटल्या, ग्लास, कपाटामागे लपवलेल्या पुड्या, शिल्लक गोळ्या काढून टाका. भेटीच्या दिवशी दहा वर्षांचा हिशेब मांडू नका. तो मांडायला समुपदेशकासमोर वेगळा वेळ मिळतो आणि तो जरूर घ्या, गिळून टाकू नका. भेटायला एकट्या बायकोने जाण्यापेक्षा भाऊ, वडील यांनीही जावं. आजार सगळ्या घराला झालेला असतो आणि उस्तवार मात्र एकटी सून काढते.

परत आल्यावर

डिस्चार्जच्या आधीच तीन गोष्टी कागदावर असू द्या: पुढच्या फॉलोअपची तारीख, औषधं आणि ती कोणासमोर घ्यायची, आणि रोजच्या संध्याकाळी सहा ते नऊ कुठे असायचं. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधं ओढ कमी करायला मदत करतात. बरं वाटलं म्हणून ती मनाने बंद करायची नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत एएच्या जमेल तितक्या सभांना जा. ठाणे-वाशी लोकलने कामावर जाणाऱ्याला दोन्ही टोकांना सभा शोधता येतात.

पगाराच्या दिवसाचं काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवा. खात्यावर किती ठेवायचे, यूपीआय चालू ठेवायचं की नाही, हे त्याच्या संमतीने झालं तर टिकतं. आपल्याकडच्या गावांमध्ये दारू चालणाऱ्या हळदीला जाणं टाळता येत नाही असं म्हणतात. पहिल्या वर्षी टाळा. फारच जवळचं लग्न असेल तर सकाळच्या विधींना जा आणि अंधार पडायच्या आत घरी या. रोज तोंडाचा वास घेणं बंद करा. शंका आली तर सरळ विचारा.

पुन्हा घेतली गेली तर

बऱ्याच जणांच्या बाबतीत हे होतं. त्या रात्री भांडू नका, शुद्धीवर असेल तर झोपू द्या. बेशुद्ध असेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळे पडत असतील तर १०८. ब्राउन शुगर किंवा तत्सम काही घेणाऱ्यांसाठी एक इशारा जिवामरणाचा आहे. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीचा डोस आता जीव घेऊ शकतो. डिस्चार्जच्या दिवशी हे पेशंटलाही सांगा आणि घरातल्या दोघांना माहीत असू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राला किंवा डॉक्टरांना फोन करा. आठवडाभर वाट बघू नका. एक दिवसाची घसरण बऱ्याचदा ओपीडीत आटोक्यात येते, पंधरा दिवस रोज झाली की पुन्हा डिटॉक्स लागू शकतं. सगळं मुसळ केरात गेलं असं समजू नका. मागच्या वेळी शिकलेलं त्याच्याकडे शिल्लक असतं, आणि या वेळी नेमकं कुठे घसरलं हे समुपदेशकाला कळतं. लाज वाटते म्हणून पेशंट फोन करत नाही, तेव्हा घरच्यांनी करा. "काल घेतली, आज यायचं आहे" एवढं सांगितलं तरी पुरतं. फॉलोअपची फाइल आणि चालू औषधांच्या पट्ट्या सोबत घ्या.